युवराजाला लिहिलेलं एक पृष्ठ पुन्हा लिहिताना: जून ते डिसेंबर २०२४ च्या नोंदी

८ जून: आराखडा

थॉमस हॉक्लीव्ह हा लंडनच्या प्रिव्ही सील कचेरीतला, म्हणजे राजाच्या खासगी मोहरेच्या कचेरीतला कारकून. १४१०-११ च्या सुमारास त्याने ‘रेजिमेंट ऑफ प्रिन्सेस’ हे ५,४६३ ओळींचं काव्य युवराज हेन्रीला उद्देशून लिहिलं. हाच युवराज मार्च १४१३ मध्ये पाचवा हेन्री म्हणून गादीवर बसला. काव्याचं वरचं रूप राजाला उपदेश असं आहे. पोटात मात्र एक अर्ज दडलाय: वर्षाला २० मार्क नेमणूक मंजूर आहे, ती वेळेवर हातात पडत नाही, लक्ष घालावं. २० मार्क म्हणजे १३ पौंड, ६ शिलिंग, ८ पेन्स.

काम एवढंच: ब्रिटिश लायब्ररीतल्या ‘अरुंडेल ३८’ या प्रतीच्या धर्तीवर चर्मपत्राचं एक पृष्ठ पुण्यात मिळणाऱ्या सामानातून तयार करायचं. निवडलेला मजकूर ओळ २०१७ ते २०४४, म्हणजे युवराजाला घातलेला मायना आणि पुढची तीन कडवी.

आराखड्याचा हिशेब साधा निघाला. कडवं सात ओळींचं. मायन्याआधीच्या २,०१६ ओळी म्हणजे २८८ कडवी. पृष्ठावर चार कडवी धरली तर ७२ पृष्ठं, म्हणजे ३६ पानं. त्यामुळे मायना बरोब्बर ३७ व्या पानाच्या पुढच्या बाजूला येतो, आणि प्रतीत तो तिथेच आहे. तिथे वर चित्रही आहे: युवराज उभा, समोर गुडघे टेकलेला माणूस, दोघांमध्ये पुस्तक. गुडघे टेकलेला हॉक्लीव्ह आणि तो पुस्तक देतोय, हा जुना समज. काही अभ्यासकांच्या मते तो जॉन मोब्रे हा सरदार आहे आणि पुस्तक युवराजच त्याला देतोय. चित्र आमच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून बिनचित्राच्या पृष्ठाचा आराखडा घेतला: २८ ओळी अधिक कडव्यांमधल्या ३ कोऱ्या, एकूण ३१. दोन ओळींत ६.५ मिमी धरलं की मजकुराची उंची साधारण २० सेंमी होते. पान ३० × २० सेंमी.

पहिली चूक आजच झाली. छायाचित्र मोठं करून छापलं, पण कडेची मोजपट्टी कातरली गेली होती. अक्षरं मूळ मापाची समजून तीन तास सराव केला, तो वाया. छापण्याआधी चित्रात मोजपट्टी आहे का ते बघा.

१५ जून: कातडं

तयार चर्मपत्र परदेशातून मागवलं तर पोस्टाचाच खर्च जड जातो. तबला-ढोलकीची पुडी ज्या शेळीच्या कातड्यापासून करतात ते कमावलेलं नसतं, केस काढून नुसतं वाळवलेलं असतं. चर्मपत्राच्या सगळ्यात जवळचं तेच. ५५० रुपयांना एक याप्रमाणे तीन घेतली. घेताना उजेडासमोर धरून बघा. सुरीचे चरे आणि पातळ जागा तेव्हाच दिसतात. ओढ बसली की बारीक भोकाचं लांबट भोक होतं.

पुडीचं कातडं जसंच्या तसं चालत नाही. ते काचेसारखं अर्धपारदर्शक असतं, वर चरबी असते, शाईचे थेंब गोळा होऊन बसतात. ते पुन्हा भिजवून, चौकटीवर ताणून, ताणलेलं असतानाच खरवडून वाळवावं लागतं. ताणात वाळलं की आतले तंतू थराथरांत बसतात, मध्ये हवा राहते आणि कातडं पांढरं, अपारदर्शक दिसतं.

एक कातडं रात्रभर साध्या पाण्यात ठेवलं. सागाची चौकट ७५ × ६० सेंमी. कडेला आरीने भोकं पाडून दोऱ्या ओवल्या.

१८ जून

तीन भोकं फाटली. कातडं वाळताना आकसतं आणि सगळा ताण भोकाच्या कडेवर येतो. भोकं पाडायचीच नाहीत. काठावर आतून एक गोटी ठेवायची, कातडं तिच्याभोवती गुंडाळायचं आणि गोटीच्या मानेला दोरी आवळायची. जुने कारागीर खडे वापरत, आम्ही पोरांच्या काचेच्या गोट्या वापरल्या. एका कातड्याला बारा लागल्या. दोरीचं दुसरं टोक चौकटीतल्या फिरत्या खुंटीला. तंबोऱ्यासारखी खुंटी पिळली की ताण वाढतो.

२९ जून: पहिलं कातडं फेकलं

पाऊस लागला. चार दिवस झाले तरी कातडं ओलं, मग वास सुटला आणि कडेला हिरवट ठिपके आले. घाईने हीटर दीड फुटावर लावला. ओल्या कातड्याला एवढी ऊब सोसत नाही: मधली तळहाताएवढी जागा आकसली, पिवळी पडली आणि खळीसारखी कडक झाली. ओलं असताना उष्णता नको, फक्त पंखा. आणि खरं तर पुण्यात हे काम जून ते सप्टेंबर करूच नये. कातड्याचं काम ऑक्टोबरपर्यंत बंद.

१३ जुलै: शाई, पहिली खेप

इंग्रजी हस्तलिखितांची शाई ओकच्या गाठी, लोहाचं सल्फेट आणि डिंक यांची. आपल्याकडे ओकच्या गाठी म्हणजे बाळगुटीतलं मायफळ, लोहाचं सल्फेट म्हणजे हिराकस. दोन्ही काष्ठौषधीच्या दुकानात पुडीत बांधून मिळतात. मायफळ घेताना भोक नसलेलं, जड निवडायचं. भोक असेल तर आतली माशी उडून गेलेली असते, आणि अशा फळात टॅनिन कमी. हिराकस हिरवट खड्यांचा हवा. वर पिवळी-तपकिरी भुकटी धरली असेल तर हवेने बिघडलेला आहे.

मायफळ ५० ग्रॅम, हिराकस ५० ग्रॅम घेऊन लोखंडी कढईत उकळलं. दोन चुका एकदम झाल्या. हिराकस टाकण्याआधीच काढा काळा झाला, कारण कढईचंच लोखंड त्यात उतरलं, आणि प्रमाणाचा काही अर्थ उरला नाही. शिवाय सम प्रमाण मुळातच जास्त. जास्तीचं लोह टॅनिनशी बांधलं जात नाही, ते तपकिरी पडतं आणि पुढे कातडं-कागद खात राहतं. खेप मोरीत ओतली, फरशीवरचा डाग अजून आहे.

२० जुलै: शाई, दुसरी खेप

स्टीलचं पातेलं. मायफळ ६० ग्रॅम, खलबत्त्यात भरड कुटलेलं (मिक्सरमध्ये पीठ होतं आणि गाळता येत नाही), ६०० मिली गाळीव पाण्यात दोन दिवस. मंद आचेवर अर्धा तास, मग मलमलीतून दोनदा गाळून ४०० मिली. गार झाल्यावर हिराकस २० ग्रॅम. रंग लगेच जांभळट काळा.

मग डिंक २० ग्रॅम, आणि इथे सगळं पुन्हा फसलं. किराणा दुकानातला ‘लाडवाचा डिंक’ घातला. रात्रीतून शाईत जेलीसारखे गोळे झाले. तो धावड्याचा डिंक निघाला, जो पाण्यात पूर्ण विरघळत नाही, नुसता फुगतो. बाभळीचाच डिंक पाहिजे. तपासायला चिमूटभर डिंक कोमट पाण्यात टाकून ठेवा, सकाळी तळाशी फुगलेला गाळ दिसला तर तो आपल्या कामाचा नाही. गोळे गाळून टाकले, बाभळीचा डिंक वेगळा विरघळवून घातला. बाटलीत तीन लवंगा, बुरशी धरू नये म्हणून.

ही शाई लिहिताना फिकट राखाडी दिसते, हवेने काळी पडते. फिकट वाटली म्हणून लगेच हिराकस वाढवू नका, चोवीस तास थांबा. काजळाची शाईही एका तुकड्यावर वापरून पाहिली. कागदाच्या पोथीला ती उत्तम, पण कातड्यावर नुसती वर बसते आणि तुकडा वाकवला की पापुद्रे निघतात. मायफळाची शाई कातड्यात शिरते.

३ ऑगस्ट: पिसं

आधी हाताशी असलेल्या बोरूने लिहून पाहिलं. देवनागरीसाठी कापलेल्या बोरूचा उतार रोमन लिपीच्या उलटा, त्यामुळे जाड रेघ नको तिथे येते. उतार बदलून कापला, तरी १ मिमीच्या खाली बोरूचं टोक टिकत नाही, कातड्यावर तर दोन ओळींत बोथट होतं.

पाळीव हंसाची पिसं वीस आणली. पंखाच्या टोकाकडची पहिली पाचच कामाची. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या पंखाचं पीस, म्हणजे बाक हाताच्या बाहेर जातो. शोभेचे केस काढून टाका, चित्रात छान दिसतात पण लिहिताना बोटात येतात.

कच्चं पीस नखासारखं मऊ असतं, चीर नीट जात नाही. बारा तास पाण्यात, मग नळीत तापलेली वाळू भरून कढईतल्या गरम वाळूत आठ-दहा सेकंद. वाळू अंदाजाने तापवली तेव्हा सहा पिसांना फोड आले. स्वयंपाकाचा थर्मामीटर लावून १७५ अंशांच्या आसपास ठेवल्यावर जमलं: नळी दुधाळ होती ती स्वच्छ आणि कडक झाली. टोक १ मिमी. दर दोन कडव्यांनंतर थोडं कापावं लागतं, म्हणून एकाच मापाची तीन पिसं तयार ठेवावीत. मध्येच टोकाची रुंदी बदलली तर पृष्ठभर दिसतं.

२४ ऑगस्ट: अक्षर

प्रतीचं अक्षर अँग्लिकाना (त्या काळची इंग्लंडमधली धावती लिपी) वळणाचं, त्यातही नीटनेटकं, ग्रंथासाठीचं. सरावात नजर बसवायच्या जागा: ‘ए’ला दोन पोटं, एकावर एक. ‘जी’ इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. ‘आर’ची शेपटी ओळीच्या खाली उतरते. ‘डी’च्या डोक्याला फास. शब्दाच्या मधला ‘एस’ लांब आणि ‘एफ’सारखा, फरक फक्त आडव्या काडीचा. ती काडी उजवीकडे बाहेर आली तर एफ. ‘व्ही’ शब्दारंभी, ‘यू’ शब्दाच्या आत, उच्चार काहीही असो. ‘थ’साठी थॉर्न हे जुनं अक्षरही येतं. त्याला आजच्या ‘पी’ किंवा ‘वाय’सारखं वाचलं की सगळा शब्द बिघडतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला छोट्या उभ्या रेघांनी. आय, एन, एम, यू ही अक्षरं म्हणजे एक, दोन, तीन सारख्या रेघा. ‘कनिंग’ या शब्दाच्या जुन्या लेखनात यू आणि दोन एन लागोपाठ येतात, म्हणजे सलग सहा रेघा. मोजून न लिहिल्यास पाच होतात किंवा सात, आणि लिहिणाऱ्याला ते कळतही नाही. मोडी वाचायची सवय असेल तर हे वाचायला अवघड जात नाही, अंदाजाने शब्द फोडायची नजर तयार असते. लिहायला मात्र तीच सवय आड येते. मोडीत हात न उचलता पुढे जातो. इथे प्रत्येक रेघ उचलून, वरून खाली. मोडीवाला हात रेघांना वरून जोडायला बघतो आणि एनचा यू होतो की नाही ते कळेनासं होतं. सरावाला ६० कागद, तीन आठवडे.

८ सप्टेंबर: प्लास्टर भिजत

पृष्ठावरच्या पहिल्या अक्षराला उठावदार सोनं द्यायचंय, त्याखालच्या लेपासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस १०० ग्रॅम दोन लिटर पाण्यात. पहिला तास सतत ढवळायचं, नाहीतर तळाशी दगड बनतो. मग रोज एकदा, महिनाभर. असं ‘मारलेलं’ प्लास्टर पुन्हा घट्ट होत नाही आणि लोण्यासारखं मऊ राहतं. हे जूनमध्येच लावून ठेवायला हवं होतं.

१२ ऑक्टोबर: दुसरं आणि तिसरं कातडं

हवा कोरडी झाली. गोट्यांची पद्धत, रोज दोनदा खुंट्या पिळणं. ओलसर असताना चुना आणि खडूची पूड दोन्ही बाजूंना थापून सुकू दिली, ही पूड चरबी ओढून घेते. मग रापीने (चांभाराच्या पात्याने) खरवडलं. रापीचे दोन्ही कोपरे आधी घासून गोल करा. दुसऱ्या कातड्यात उजव्या कोपऱ्याने चार सेंमीचा चीर गेला आणि ताणामुळे डोळ्यांदेखत वीत झाला. ते तुकडे चाचणीसाठी ठेवले. तिसरं तीन दिवसांत वाळलं, पांढरं, खडखडीत.

मांसाची बाजू पांढरी आणि मऊ, केसांची पिवळसर आणि गुळगुळीत. आम्ही मांसाची निवडली. ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने, मग खडूची पूड चोळून झटकून टाकली. पूड राहिली तर पिसाची चीर चोंदते.

१९ ऑक्टोबर: आखणी

दोन्ही कडांना सुईने ३२ टोचे, शिशाच्या टोकाने रेघा. पहिल्यांदा टोचे एकेक मोजून टोचले आणि प्रत्येक वेळी पाव मिमीची चूक साचत गेली. खाली पोचेपर्यंत डावी-उजवी बाजू जुळेना. आता कागदाची एकच पट्टी टोचून घेतली आणि तीच दोन्ही कडांना लावली.

९ नोव्हेंबर: लिहिलं, आणि एक ओळ सुटली

उतरता डेस्क ४५ अंशांचा. डाव्या हातात सुरी, तिच्या टोकाने कातडं दाबून धरायचं. हात टेकला तर तेलकट डाग पडतो आणि तिथे शाई धरत नाही. हॉक्लीव्ह याच काव्यात नक्कलकाराचं दुखणं सांगतो: पाठ, पोट, डोळे जातात, आणि हात, नजर, मन तिन्ही एकत्र ठेवायचे म्हणजे गाता-बोलता येत नाही. चोवीस वर्षं त्याने हेच काम केलं होतं. आम्हाला दोन तासांत मानेने सांगितलं.

पहिल्या कडव्याची रचना लिहितानाच नीट कळते. आधी दोन ओळी नुसत्या युवराजाच्या: थोर, उत्तम, कृपाळू. अर्जदाराचा ‘मी’ येतो तिसऱ्या ओळीत, तोही नम्र, आज्ञाधारक सेवक म्हणून. ‘साष्टांग नमस्कार विज्ञापना’ लिहिणाऱ्या आपल्या कारकुनाला यात नवं काही वाटलं नसतं. हॉक्लीव्हने उतारवयात कचेरीसाठी पत्रांच्या नमुन्यांचा मोठा संग्रहही तयार केला, तेव्हा मायना कुठे किती लांब हवा हे त्याच्या बोटांतच असणार.

दुसरं कडवं सहा ओळींचं निघालं. यमक एबी, एबी, बी, सीसी असं असल्याने दुसरी, चौथी आणि पाचवी ओळ एकाच ध्वनीवर संपते. नजर मूळ पृष्ठावर परतली ती चौथीऐवजी पाचवीच्या शेवटावर. या छंदातली ही ठरलेली खोड आहे. उपाय: मूळ मजकुरावर पट्टी ठेवून ओळ संपली की सरकवायची, आणि कडवं संपल्यावर मोठ्याने सात मोजायचं.

तीन ओळी खरवडल्या. ओली शाई कधीही खरवडू नका, ती पसरते. एक दिवस वाळू द्या, मग सुरीचं पातं आडवं धरून. खरवडलेल्या जागेचे तंतू उभे राहतात, थेट लिहिलं तर शाई फुटते. तिथे अकीक (घोटायचा गुळगुळीत दगड) घासून जागा बसवली, खडू लावला, मग पुन्हा लिहिलं. तिरप्या उजेडात दिसतं, सरळ उजेडात नाही.

१६ नोव्हेंबर

मजकूर पूर्ण. पहिल्या अक्षरासाठी तीन ओळींची जागा ठेवायची होती, दोनच ठेवली गेली. आराखड्यात जागा फक्त रेघेने दाखवली होती, बारीक सूचक अक्षर लिहिलं नव्हतं. जुने नक्कलकार ते लिहीत, ते याचसाठी. अक्षर आता समासात थोडं बाहेर काढणार.

२३ नोव्हेंबर: सोनं

मजकूर, मग सोनं, मग रंग, हा क्रम मोडता येत नाही. रंग आधी दिला तर त्यातल्या चिकटपणावर सोनं बसतं, आणि घोटताना रंग खरवडला जातो.

लेप: मारलेलं प्लास्टर ८ भाग, पांढरा ३, साखर १, मासळीचा सरस १. पांढऱ्यासाठी जुने लोक शिशाचा पांढरा घेत. तो विषारी, आम्ही टायटॅनियम घेतला. रंग दिसावा म्हणून चिमूट गेरू घातला, आणि त्याची कच लेपात राहिली. घोटताना चरे पडले. गेरू काचेवर अर्धा तास वाटून मगच घाला.

मिठाईवाल्यांचा सोन्याचा वर्ख आधी लावला, ७०० रुपयांचा. फार पातळ, भोकं भोकं, दोन थरांनंतरही लाल लेप डोकावतो. मग गिल्डिंगच्या, म्हणजे मुलाम्याच्या सोन्याचा २५ पानांचा गठ्ठा, ४,८०० रुपये. दुपारी दोनला बसलो. लेपावर कागदाच्या नळीतून श्वास सोडला, सोनं ठेवलं, उडून गेलं. हवा इतकी कोरडी की ओल टिकेना. नऊ पानं गेली. लेपात साखर वाढवली, तर उलट झालं: अकीक फिरवताच खड्डे.

३० नोव्हेंबर

साखर पुन्हा एक भागच ठेवली, वेळ बदलली. पहाटे सहाला, खिडक्या-पंखा बंद. चार खोल श्वास, लगेच सोनं, वर बटर पेपर ठेवून अंगठ्याने दाब. वीस मिनिटांनी अकीक, आधी कागदावरून आणि मग थेट. पहिल्याच वेळी जमलं.

७ डिसेंबर: रंग

१५ व्या शतकातल्या इंग्रजी प्रतींत निळ्या अक्षराला लाल वेलबुट्टी आणि सोनेरी अक्षराला जांभळी, ही नेहमीची जोडी. कडव्यांपुढच्या खुणांसाठी तीच घेतली. हिंगूळ टाळला, त्यात पारा असतो. बंध म्हणून अंड्याचा पांढरा बलक, फेटून रात्रभर ठेवून खाली उतरलेलं पाणीच फक्त. निळा पहिल्यांदा तडकला, दोन थेंब मधाचं पाणी घातल्यावर टिकला.

१४ डिसेंबर: खर्च

कातडी १,६५०, चौकट ९००, शाईचं सामान ३१०, पिसं ६००, गिल्डिंगचं सोनं ४,८००, वर्ख ७००, रंग-सरस वगैरे १,३५०, अकीक ६५०. एकूण १०,९६० रुपये, पैकी साडेतीन हजार निव्वळ चुकांचे: दोन कातडी, वर्ख, नऊ पानं सोनं. ऑक्टोबरमध्ये सुरुवात केली आणि प्लास्टर आधीच मुरवलेलं असलं, तर हे दहा आठवड्यांचं काम आहे.

पान चौकटीतून काढल्यावर दुसऱ्या दिवशी कडेने वळायला लागलं. ते दोन सपाट फळ्यांमध्ये, वर पाच किलो वजन, सोन्यावर बटर पेपर असं ठेवलंय. काचेला चिकटवून फ्रेम करू नका, पावसाळ्यात कातडं फुगतं आणि सोनं काचेला लागून निघतं. मागची बाजू कोरी आहे. तिथे ओळ २०४५ पासून पुढची चार कडवी येतील, पण ती केसांची बाजू, तिच्यावर पीस घसरतं. आधी चिरलेल्या कातड्याच्या तुकड्यावर खडूचं प्रमाण ठरवायचं आहे.